निवृत्तीनंतर पुन्हा वर्ग भरला

मे महिन्यात शनिवारी संध्याकाळी साडेसहा वाजले की आमच्या घरातला कूलर बंद होतो. मनीषनगरात राहणाऱ्या कुणालाही हे सांगितले तर तो आम्हाला वेड्यात काढील. बाहेर दिवसभर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला, भिंती अजून तव्यासारख्या तापलेल्या, आणि हे दोघे म्हातारे खिडक्या लावून, कूलर बंद करून, घामाघूम होत एका मोबाईलसमोर बसतात! पण कारण अगदी साधे आहे. कूलर घरघरत असला की अमेरिकेतल्या मुलीला 'ट' आणि 'ठ' मधला फरक ऐकू येत नाही.

आम्ही दोघे म्हणजे नवरा-बायको. दोघेही शिक्षक. एक मराठी-हिंदीचे, एक गणित-विज्ञानाची. घरातही एकमेकांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणायची सवय लागली ती गेलीच नाही. म्हणून या लेखातही तसेच लिहितो. लिहिताना एक सांगतो आणि दुसरी चुका काढते, तेव्हा हे लिखाण दोघांचेच समजावे.

आमची शाळा अनुदानावर कधी आलीच नाही. सर १९९३ साली लागले, मॅडम १९९४ साली. 'आज ना उद्या अनुदान येईल' या एका वाक्यावर आमची सारी उमेद काढली गेली. 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' हा शब्द सरकारने २००९ साली काढला तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले होते. पुढे काही शाळांना २०१६ पासून वीस टक्के अनुदान मिळाले. आमच्या शाळेचे नाव त्या यादीत नव्हते. पटावरची मुले मात्र वर्षागणिक कमी होत गेली.

तरी कुरकुर नव्हती. दोघांच्या पगारात घर चालत होते. उत्तर नागपुरातल्या वस्तीतून २००६ साली आम्ही मनीषनगरात आलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक हॉल, वीस वर्षांचे कर्ज. एका बाजूला रेल्वेची लाईन, दुसऱ्या बाजूला विमानतळ. रेल्वे फाटकावर तास-तास अडकून आम्ही किती वह्या तपासल्या असतील त्याचा हिशेब नाही. आता उड्डाणपूल झाला, वर्धा रोडवरून २०१९ पासून मेट्रो धावते. पण हे सगळे सोयीचे झाले तेव्हा आम्हाला जायला शाळाच उरली नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. शाळेला फी येईना. आधी पगार अर्धा झाला, मग दोन महिने काहीच नाही. जूनमध्ये मॅडमना सांगण्यात आले, "पुढच्या वर्षी पाहू." सव्वीस वर्षांच्या नोकरीला निरोप म्हणून एवढे तीन शब्द. सर २०२१ च्या मे महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त झाले. त्यांना भविष्य निर्वाह निधीची थोडी रक्कम आणि महिन्याला तीन हजारांच्या आत पेन्शन. इकडे घराच्या कर्जाची पाच वर्षे बाकी आणि मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला.

आमच्यासारख्यांच्या घरात नोकरी गेली की नुसता पगार जात नाही. वस्तीतले लोक ज्यांच्याकडे बोट दाखवून आपल्या पोरांना म्हणायचे, "शिकशील तर असा होशील," तोच माणूस किराणा दुकानात उधारी मागताना दिसला तर त्या पोरांनी काय समजावे? ही लाज आम्हाला फार सतावत होती.

फाटकावरची पाटी

टाळेबंदी सैल झाल्यावर, दिवाळीनंतर, आम्ही इमारतीच्या फाटकावर हाताने लिहिलेली पाटी लावली. 'गणित, विज्ञान, मराठी. पाचवी ते दहावी. अनुभव २६ वर्षे.' पहिल्याच आठवड्यात जवळच्याच एका कॉलनीतले गृहस्थ मुलाला घेऊन आले. बोलणे छान झाले. फी ठरली. मॅडमनी मुलाला दोन अपूर्णांक सोडवायला दिले, तेही त्याने सोडवले. गृहस्थ उठले आणि त्यांची नजर हॉलच्या भिंतीवर गेली. तिथे बाबासाहेबांचा फोटो आहे, शेजारी भगवान बुद्धांचा. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ठीक आहे, कळवतो." त्यांनी कळवले नाही.

आता हे फोटोमुळेच झाले असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. कदाचित त्यांना दुसरीकडे स्वस्त शिकवणी मिळाली असेल. पण आपल्या लोकांना असे 'कळवतो' ओळखायला कुणी शिकवावे लागत नाही. त्या रात्री आम्ही दोघेही त्याबद्दल एक शब्द बोललो नाही.

शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, या कॉलनीतच काऊन शोधून राहिले तुम्ही? मोबाईलवरून शिकवा ना. सगळे तेच करून राहिले."

तेव्हा ते खरेच होते. पुण्यातल्या एका शिक्षिकेने कपडे टांगायच्या हँगरला मोबाईल बांधून फळ्यावर शिकवल्याचा फोटो जून २०२० मध्ये सगळीकडे गाजला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. खेड्यातल्या वर्गातून परदेशातल्या शाळांशी मुलांना बोलते करणारा हा माणूस. पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटून टाकली. आम्ही म्हटले, परितेवाडीतून जग दिसते तर मनीषनगरातून का दिसू नये?

पहिली ठेच

उत्साहाच्या भरात आम्ही पहिली चूक केली. मोबाईलवर एक जाहिरात आली होती. 'घरबसल्या शिकवा, महिना चाळीस हजार.' फोनवरच्या मुलीचे बोलणे इतके गोड की विचारू नका. तिने मॅडमची मुलाखतही घेतली आणि निवड झाल्याचे पत्र पाठवले. फक्त नोंदणी व प्रशिक्षण साहित्याचे साडेपाच हजार रुपये भरायचे होते. आम्ही भरले. दुसऱ्या दिवशी फोन बंद.

साडेपाच हजार म्हणजे त्या दिवसांत आमचा दीड महिन्याचा किराणा होता. वाईट त्याहून जास्त या गोष्टीचे वाटले की सव्वीस वर्षे मुलांना 'विचार करून उत्तर द्या' सांगणारे आम्ही, स्वतः विचार न करता फसलो. लाजेपायी पंधरा दिवस कुणाला बोललो नाही. तक्रार केली तेव्हा उशीर झाला होता, पैसे आले नाहीत. म्हणून वाचकांना हात जोडून सांगतो, असे काही घडले तर लाजू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. ताबडतोब फोन केला तर पैसे पुढे जाण्याआधी खाते गोठवण्याची शक्यता असते. आणि एक नियम पाठच करून ठेवा: काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, तो काम देणारा नसतो.

मुलाखती आणि नकार

नंतर मॅडमनी शिकवणीच्या मोठ्या कंपन्यांकडे अर्ज केले. एका ठिकाणी मुलाखत घेणारा मुलगा आमच्या जुन्या विद्यार्थ्यांहून लहान होता. दहा मिनिटांत एक धडा इंग्रजीतून शिकवून दाखवायचा. मॅडमचे सगळे शिकवणे मराठी माध्यमातले. लसावि, मसावि, छेद, अंश हे शब्द तोंडात बसलेले. ऐन वेळी 'अंश' ला इंग्रजी शब्द आठवेना. मुलगा म्हणाला, "मॅम, थोडी एनर्जी कमी वाटते." दोन ओळींचा नकार आला.

मॅडम त्या दिवशी रडल्या नाहीत. त्यांनी बालभारतीच्या संस्थळावरून पाचवी ते दहावीची इंग्रजी माध्यमाची गणिताची पुस्तके मोबाईलवर उतरवून घेतली. ती तिथे फुकट मिळतात. मग वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. चौपन्नाव्या वर्षी रोज वीस शब्द. सर पाठांतर घ्यायचे. चुकले की मॅडम स्वतःच पुन्हा लिहायच्या, पाच-पाच वेळा, आमच्याच वर्गातल्या शिक्षेप्रमाणे.

दुसऱ्या एका कंपनीत निवड झाली. आठ महिने काम केले. पैसे वेळेवर मिळाले, हे खरे आहे. पण तास कंपनी ठरवणार, मुले कंपनी देणार, आणि शाळा उघडल्यावर मुले कमी झाली तशी एके दिवशी निरोप आला की पुढच्या महिन्यापासून तास नाहीत. तेव्हा वाटले आपल्यातच काही कमी असेल. नंतर कळले की सगळा बाजारच खाली आला होता. बायजूसारखी कंपनी, जिने २०२० साली व्हाइटहॅट ज्युनिअर ही दुसरी कंपनी सुमारे तीस कोटी डॉलरना विकत घेतली होती, तिच्यावरच जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मोठे झाड पडते तेव्हा त्यावरची घरटी आधी पडतात.

तिसरा मार्ग म्हणजे अर्बनप्रो, सुपरप्रॉफ यांसारखी संस्थळे. तिथे शिक्षकाने आपली माहिती टाकायची आणि पालकांनी शोधायचे. भाषा शिकवणाऱ्यांसाठी प्रेप्ली नावाचे असेच एक विदेशी संस्थळ आहे. आम्ही पाहिले तेव्हा त्याचा नियम असा होता की नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या चाचणी तासाचे सगळे पैसे संस्था ठेवणार. पुढच्या तासांवर सुरुवातीला ३३ टक्के कापणार, आणि शिकवलेले तास वाढत गेले की ही कपात १८ टक्क्यांपर्यंत खाली येणार. तेव्हा कुठेही नाव टाकण्याआधी कपात किती आणि पालकाचा नंबर मिळवायला आपल्यालाच पैसे मोजावे लागतात का, हे वाचून घ्यावे. यातून मॅडमना दोन विद्यार्थी मिळाले. एक पुण्याचा, एक दुबईचा. तासाला दीडशे रुपयांपासून सुरुवात केली.

एका पालकाने मात्र फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, तुमचं पूर्ण नाव काय?" नाव सांगितले. "नाही, आडनाव?" आडनाव सांगितले. "मूळचे कुठले?" मग फोन आला नाही. आम्ही समजलो होतो की मोबाईलच्या पडद्यावर विद्या तेवढी दिसेल. पण माणूस विचारायचे ते विचारतोच.

टेबलाची जागा

इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. हा लेख लिहायचे ठरले तेव्हा ती लिहावी की नाही यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला.

हॉलमध्ये नेट चांगले येते, जागाही मोठी. पण कॅमेरा लावला की पाठीमागे ती भिंत येते, तो फोटो येतो. दुबईच्या मुलाचा पहिला तास सुरू होण्याआधी आम्ही टेबल आतल्या खोलीत नेले. एकमेकांना म्हणालो, "तिथे उजेड बरा पडतो." आतल्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो, हे दोघांनाही माहीत होते. मुलगी दारात उभी राहून पाहत होती. ती काही बोलली नाही. तिने फक्त टेबलाला हात लावला नाही. सरांना आणि मॅडमना ते दोघांनाच ओढावे लागले.

जवळजवळ वर्षभर टेबल आतल्या खोलीतच होते. पोटासाठी माणूस काय काय करतो! कुणी आडनाव बदलतो, कुणी बोली बदलतो, आम्ही भिंत बदलली. वर्गात मुलांपुढे ताठ मानेने उभे राहण्याविषयी आम्ही किती भाषणे दिली असतील!

न्यूजर्सीची शाळा

सरांचे काम अगदी अनपेक्षितपणे सुरू झाले. १९९८ च्या दहावीच्या तुकडीतला आमचा एक विद्यार्थी न्यूजर्सीत संगणकाच्या नोकरीत आहे. शाळेच्या जुन्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅपवर गट आहे, त्यात त्याला आमची हकिगत कळली. त्याचा फोन आला. "सर, जयभीम. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. आजीशी तिला बोलता येत नाही. आजी इकडून 'काय जेवली गं' विचारते आणि ही नुसती हसते. तुम्ही शिकवाल का?"

अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा गावोगावी शनिवार-रविवारी भरतात. पण त्याच्या घरापासून शाळा दूर होती. सरांनी होकार दिला. त्या एका मुलीची तिच्या मैत्रिणींमुळे चार मुले झाली, मग सहा. तिकडे शनिवारी सकाळी नऊ वाजता वर्ग, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी आम्ही साडेसहाला तयार होऊन बसलो तर कुणीच येईना. पाऊण तास झाला. सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "संपलं वाटते हेही." साडेसात वाजता सगळी मुले हजर! तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे करतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे, हे आम्हाला कुठे ठाऊक! आता कॅलेंडरवर दोन्ही तारखांना लाल गोल केलेला असतो.

शिकवण्याची रीतही नव्याने शिकावी लागली. पडद्यावर मुलाचा चेहरा दिसतो, वही दिसत नाही. खरी चूक तर वहीत असते. म्हणून मॅडम मुलांना मोबाईल वहीवर धरायला सांगतात. चेहरा नाही दिसला तरी चालेल. प्रश्न विचारल्यावर त्या मनात दहापर्यंत आकडे मोजतात, कारण आवाज पोचायला वेळ लागतो आणि मुलाला विचार करायलाही. अपूर्णांक शिकवताना त्या संत्रे सोलतात. दहा फोडी, त्यातल्या तीन खाल्ल्या, किती उरल्या? दुबईचा मुलगाही तिकडे संत्रे घेऊन बसतो. एक ऑनलाइन फळा आम्ही मोठ्या कष्टाने शिकलो होतो, तो बंदच पडला. तेव्हापासून साध्या कोऱ्या कागदावर लिहितो आणि वरून मोबाईल धरतो. मोबाईल धरायला डाळीचा डबा आणि त्यावर दोन शब्दकोश. यंत्र यावे की जावे, शिकवणारा हात तयार पाहिजे.

रेल्वेची शिटी वाजली की सर थांबतात. विमान गेले की थांबतात. मुलांना आता ते पाठ झाले आहे. शिटी ऐकू आली की न्यूजर्सीची मुले ओरडतात, "सर, मालगाडी!" 'मालगाडी' हा शब्द ती अशी शिकली.

फोटोतले शिकवणीवाले

२०२२ च्या जून महिन्यात एका शनिवारी वादळ आले आणि आतल्या खोलीतले नेट गेले. हॉलमध्ये तेवढे येत होते. वर्ग अर्ध्यावर सोडता येईना. सर मोबाईल घेऊन तसेच हॉलमध्ये गेले आणि भिंतीला पाठ करून बसले. वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, तुमच्या मागे कोण आहेत?"

सर थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "ते बाबासाहेब आंबेडकर. तेही शिकवण्या घ्यायचे."

मुलांना गंमत वाटली. पण सरांनी सांगितले ते खरेच आहे. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून बाबासाहेब १९१७ साली परत आले. बडोद्याच्या नोकरीत गेले, पण त्या शहरात त्यांना राहायला घर मिळाले नाही. मुंबईला परतल्यावर संसार चालवण्यासाठी त्यांनी खाजगी शिकवण्या केल्या. हिशेबाची कामे केली. गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. गिऱ्हाइकांना जात कळली आणि तो व्यवसाय बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. एवढ्या विद्वान माणसालाही 'कळवतो' ऐकावे लागले. त्यांनी मात्र आपली भिंत बदलली नाही.

सरांनी मुलांना हे सगळे सांगितले नाही. नऊ-दहा वर्षांची मुले ती. फक्त 'शिकवणी' हा शब्द फळ्यावर लिहिला. पण वर्ग संपल्यावर आम्ही दोघांनी न बोलता टेबल उचलले आणि हॉलमध्ये आणून ठेवले. या वेळी मुलीने तिसरी बाजू धरली.

पुढे त्या वर्गातले एक मूल यायचे बंद झाले. पालकांनी कळवले की पोहण्याचा वर्ग आहे. असेलही. उरलेली पाच मुले राहिली, नंतर तीन नवी आली. टेबल तिथेच आहे.

आपल्या शिक्षक बंधू-भगिनींसाठी

आज मॅडमचे सात आणि सरांचे आठ विद्यार्थी आहेत. इथल्या मुलांकडून तासाला चारशे रुपये घेतो, परदेशातल्यांकडून सहाशे. श्रीमंत झालो नाही. पण कर्जाचा हप्ता एकदाही चुकला नाही आणि मुलगी नर्स होऊन नोकरीला लागली. हे जमले ते कसे, ते थोडक्यात सांगतो. आपल्या समाजात विनाअनुदानित शाळांत आयुष्य घालवलेले पुष्कळ शिक्षक आहेत, त्यांना उपयोग होईल.

पहिली गोष्ट, नोकरीत असलेल्या शिक्षकाने यात पडू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खाजगी शिकवणी करायला मनाई आहे. हे काम निवृत्तांचे आणि ज्यांची नोकरी सुटली त्यांचे.

दुसरी, कंपनीपेक्षा जुने विद्यार्थी मोलाचे. आम्हाला सर्वांत टिकाऊ काम मिळाले ते ज्यांना पंचवीस वर्षांपूर्वी शिकवले त्यांच्याकडून. संकोच बाजूला ठेवून त्यांना सांगावे की आम्ही शिकवण्या घेतो. हे भीक मागणे नव्हे.

तिसरी, एकाच ठिकाणी सगळा भार टाकू नये. दोन मुले इकडची, दोन तिकडची, एखादे शेजारचे.

चौथी, पहिला तास फुकट द्यायला हरकत नाही, दुसरा देऊ नये. फी महिन्याच्या सुरुवातीला घ्यावी आणि वहीत तारखेसह लिहावी. कंपनी पैसे देताना कर कापत असेल तर विवरणपत्र भरावे, जास्तीचा कापलेला कर परत मिळतो.

पाचवी, फार साहित्य लागत नाही. एक बरा मोबाईल, शांत कोपरा, नेटची खात्री आणि वीज गेली तर पर्याय. आधी विद्यार्थी मिळवावा, मग वस्तू घ्याव्या. आम्ही उलट करणारे पुष्कळ पाहिले.

रविवारचा वर्ग

दर रविवारी सकाळी आम्ही आमच्या जुन्या वस्तीतल्या विहारात जातो. उज्ज्वलनगरहून मेट्रोने. तिथे वीस-बावीस मुले सतरंजीवर बसलेली असतात. कुणाचा बाप रिक्षा चालवतो, कुणाची आई चार घरी धुणी-भांडी करते. टाळेबंदीत यातल्या कित्येकांची शाळा दीड वर्ष बुडाली, कारण घरात एकच मोबाईल आणि तो बापासोबत कामावर. दूरच्या मुलाला दूरून शिकवता येते. जवळच्या मुलाजवळ जाऊनच बसावे लागते, हे आम्हाला इथे कळले.

गेल्या पावसाळ्यात तिथल्या एका मुलीने मॅडमना विचारले, "मॅडम, तुम्ही अमेरिकेतल्या पोरांना शिकवता म्हणे? ते हुशार आहेत का आम्ही?"

मॅडम म्हणाल्या, "तीन फोडी खाल्ल्यावर किती उरल्या हे त्यांनाही आधी चुकलं होतं." मुले हसली. त्या मुलीने मात्र वही पुढे केली आणि म्हणाली, "मग मला अवघड द्या."

मॅडमनी अवघड गणित दिले. तिला ते सुटले नाही. ती ते घरी घेऊन गेली आणि पुढच्या रविवारी सोडवून आणले. तेव्हा विहारातल्या त्या सतरंजीवर बसून आम्हाला वाटले, शाळा बंद झाली असेल, पण आमचा वर्ग अजून भरतो आहे.